भूकंपांतून उठलेलें विद्यामंदिर

न्यूझीलंड देशांतील क्राइस्टचर्च शहरीं इ. स. १८७३ त कँटरबरी कॉलेजाची स्थापना झाली. बेंजामिन माउंटफर्ट या शिल्पज्ञानें त्याकरितां कमानदार दगडी इमारती उभारण्यास आरंभ केला. येथेंच हेलन कॉनन या विद्यार्थिनीनें १८८१ त सन्मानासह एम्. ए. ची पदवी मिळविली; ब्रिटिश साम्राज्यांत असा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. येथील तळघरांत टोप्या-डगले ठेवण्याच्या खोलींत अर्नेस्ट रदरफोर्डनें लोखंडाच्या चुंबकत्वाचे प्रयोग केले. पुढें १९०८ त त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

विद्यार्थी वाढले, तेव्हां १९७५ पर्यंत विद्यापीठ हळूहळू उपनगरांत गेलें. मागें राहिलेल्या इमारती पाडून न टाकतां नट, चित्रकार व कारागीर यांस देण्यांत आल्या.

४ सप्टेंबर २०१० रोजीं व पुन्हां २२ फेब्रुवारी २०११ रोजीं तेथें मोठे भूकंप झाले. दुसऱ्यांत १८५ माणसें मृत्यु पावलीं. कॉलेजाच्या जवळजवळ सर्व जुन्या इमारतींस इजा झाली. वेधशाळेचा मनोरा तर कोसळलाच. त्यांतील दुर्बीण मोडली, परंतु तिचें मुख्य भिंग ढिगाऱ्यांत अखंड सांपडलें!

एवढ्या जाड भिंती कां पडाव्या? वस्तु जितकी जड, तितका तिला बसणारा हिसका मोठा. दगड दाब सोसतो, पण ताण फारसा सोसत नाहीं. शिवाय भिंती, मजले व छप्पर हीं परस्परांस जखडलेलीं नसल्यास प्रत्येक भिंत निराळी डोलते व ढांसळते. १९९३ सालीं किल्लारीस हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं दगावलीं, त्याचेंही हेंच कारण.

उपाय याच कारणांतून निघतो. भिंतींच्या पोटांत पोलादी गज व काँक्रीट घालावें, मजले व छप्पर भिंतींशीं घट्ट बांधावे, आणि उतरविलेले दगड पुन्हां बाहेरून बसवावे. म्हणजे रूप जुनें राहून बळ नवें येतें. अशा श्रमानें कॉलेजाचें १८८२ चें सभागृह २०१६ त पुन्हां खुलें झालें. वेधशाळेचा मनोरा नव्यानें उभारून दुरुस्त दुर्बीण त्यांत बसविली, व त्या इमारतींत २०२२ पासून प्रवाशांची राहण्याची सोय झाली. ओसाड इमारतीची निगा कोणी राखीत नाहीं. उपयोगांत असलेलीची सर्वच राखतात.

आम्ही पालकांस इतकेंच विनवितों कीं, जुन्या शाळेच्या वा घराच्या भिंतीच्या जाडीवर विसंबूं नये. ती छपराशीं बांधलेली आहे कीं नाहीं, हें जाणत्या स्थापत्यविशारदाकडून वेळींच पाहून घ्यावें. तिच्या सावलींत आपलीं मुलें बसतात.