विमानाचे शेपूट आणि उड्डाणावरील ताबा

ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून एका लहान विमानाने आकाशात झेप घेतली. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले हे सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांसमोर आले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला. तयार विमानाला एवढी प्रतीक्षा का करावी लागते? शेपटाचे कार्य जाणून घेतल्यास याचे उत्तर पुष्कळसे मिळते.

होडीप्रमाणेच विमानाचे सुकाणूही मागे असते. शेपटाच्या उभ्या पंखाला जोडलेले हे सुकाणू विमानाचे नाक डावीउजवीकडे वळविते, तर आडव्या पंखाचा हलता भाग नाक वर-खाली करतो. हा जोर वाहत्या हवेतून मिळतो. वेग निम्मा असेल तर जोर एक चतुर्थांशच राहतो. उड्डाणाच्या प्रारंभी नेमकी हीच अडचण असते. वेग अल्प असतो, पण इंजिन पूर्ण शक्तीने चालत असते. वैमानिकाच्या बाजूने पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर नाक डावीकडे ओढले जाते. सुकाणू अपुरे पडल्यास विमान धावपट्टी सोडून बाजूला जाऊ शकते.

यावर सुकाणूचा आकार वाढविणे, उभा पंख किंचित तिरका बसविणे किंवा शेपूट अधिक लांब करणे असे उपाय आहेत. परंतु प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. तराजूच्या दांडीप्रमाणे, गुरुत्वमध्यापासून पाच मीटर मागे दोन किलो वजन वाढले, तर तोल राखण्यासाठी एक मीटर पुढे दहा किलो वजन ठेवावे लागते. उभा पंख फार मोठा केल्यास आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे वळू पाहते. मोठ्या सुकाणूचे वजन नीट संतुलित नसेल, तर अधिक वेगात ते घातक रीतीने फडफडू लागते.

राइट बंधूंनाही या प्रश्नाने सोडले नाही. १९०२ च्या त्यांच्या ग्लायडरला प्रथम दोन स्थिर उभे पंख होते. वळताना ताबा सुटतो, असे आढळल्यावर त्यांच्या जागी त्यांनी एकच हलते सुकाणू बसविले.

वरणगावसारख्या गावातील शाळेतही हे तत्त्व दाखविता येईल. पुठ्ठ्याच्या विमानाला उभे शेपूट लावून त्याची मागील कड किंचित उजवीकडे वळवावी. विमान उजवीकडे वळेल.

म्हणूनच शेपटात केलेला लहानसा बदलही नव्याने तपासावा लागतो. प्रथम जमिनीवर संथ धाव, मग वेगवान धाव आणि सर्व ठीक आढळल्यावरच उड्डाण, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. संशोधकाची जिद्द, धुळ्यासारखी मोकळी धावपट्टी आणि शासनाची काटेकोर तपासणी यांचा मेळ बसला, तरच घरी बांधलेले विमान सुखरूप उडते आणि सुखरूप उतरते.