बारा दाखवतंय, म्हणून काय झालं?

सकाळी साडेआठ. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर हायवेची वर्दळ सुरू झालेली असते आणि आमचं शटर वर जातं. मी बॉनेट उघडून मीटर बॅटरीला लावतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी खरं बोलते, चार्जिंगने फुगवलेला आकडा दाखवत नाही. 12.5 व्होल्ट. सेल्फ मारताना 10.3 च्या खाली उतरत नाही. साडेनऊ व्होल्टपर्यंत आली असती तर आधी बॅटरीचंच बघितलं असतं.

गाडी गुहागरकडच्या एका गुरुजींची, डिझेल. चालता चालता बंद पडते. मग सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. एका गॅरेजने 'ईसीएम गेला' असा निकाल देऊन टाकलाय. ईसीएम म्हणजे इंजिनचा काँप्युटर. हा निकाल हल्ली फार स्वस्त झालाय. उघडून कुणी बघत नाही, त्यामुळे सगळं त्याच्या माथी मारणं सोपं.

नऊ वाजता इग्निशन ऑन करतो. चेक लाइट पेटतच नाही. हा दिवा इग्निशनला पेटायलाच हवा. पेटला नाही म्हणजे ईसीएम जागा झालेला नाही. स्कॅनर लावला तर ब्रेकचा एबीएस उत्तर देतो, इंजिन गप्प. म्हणजे बोलण्याची लाइन ठीक आहे, बोलणारा उठत नाहीये. आणि नशीब, बिघाड आज हजर आहे. अधूनमधून होणारा फॉल्ट गॅरेजच्या दारात आला की पळतो, हे सगळ्या मिस्त्रींना ठाऊक.

फ्यूज बघायचं काम भाच्याकडे. फ्यूज उपसायचा नाही, त्याच्या डोक्यावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यांना प्रोब लावायचा. दोन्हीकडे करंट आहे. पुढे मेन रिले. इथे बरेच जण अडकतात, कारण या रिलेला अर्थ (म्हणजे निगेटिव्हची बाजू) देतो तो ईसीएम स्वतः, आणि ईसीएमला मुख्य पॉवर मिळते ती याच रिलेतून. कुणामुळे कोण बंद? रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये 30 आणि 87 नंबरच्या पिना फ्यूज घातलेल्या वायरने जोडल्या. दिवा तरीही नाही. मग रिले निर्दोष. आता ईसीएमच्या कपलरपाशी जाण्यावाचून गत्यंतर नाही.

साडेदहा ते एक. दिवसातलं खरं काम हेच. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, कपलर सोडवला, निगेटिव्ह परत लावला. वायरिंगच्या नकाशावरून पॉवरच्या आणि अर्थच्या पिना शोधल्या. प्रोबची जाड सुई पिनेत खुपसायची नाही. पिनेचं तोंड पसरतं आणि एक नवा लूज काँटॅक्ट आपणच तयार करतो. तिच्याच मापाची बारीक पिन हवी. भाच्याने मीटरची लाल सुई पॉवरला, काळी अर्थला लावली आणि लगेच म्हणाला, "मामा, बारा दाखवतंय की! मग ईसीएमच असणार."

"बल्ब लाव."

इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, दोन वायरी सोडलेला. पॉवर आणि अर्थ यांच्यामध्ये लावला तर आतली तार नुसती लालसर झाली. मीटर बल्बला लावूनच ठेवलेलं. बारावरून चारावर आलं. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून सडक्या जोडावरही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्बला पावणेदोन अँपियर लागतात, तिथे जोड उघडा पडतो. नळाला धार आहे का एवढं बघून चालत नाही, घागर भरते का ते बघावं लागतं. (सेन्सरच्या वायरींना मात्र हा बल्ब चुकूनही लावू नये.)

आता बाजू ठरवायची. बल्बचं एक टोक पॉवरच्या पिनेला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला: लख्ख. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं अर्थच्या पिनेला: पुन्हा मिणमिणता. अर्थ गेलाय. या गाडीत अर्थच्या सगळ्या पिना शेवटी बॅटरीच्या ट्रेखालच्या एकाच बोल्टवर येतात. ट्रे काढला. वरून बोल्ट चकचकीत. लग उचलला तर खाली हिरवा कळंक, आणि वायर सोलली तर आतलं तांबं चांगलं वीतभर काळं. पाणी वायरीच्या तारांमधून आत चढतं आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली वर्षानुवर्षं काम करत राहतं.

मी सीटखालचा गालिचा उचलून बघितला. रुळात वाळलेला गाळ.

"गुरुजी, गाडी सेकंडहँड ना?"

"हो. पण पुरातली नाही म्हणाले होते."

2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून कुठे कुठे गेल्या, याचा हिशेब गालिच्याखालीच मिळतो.

जेवून दोन वाजता वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवा तुकडा आणि नवा लग दाबून बसवला, बॉडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी फासणारे असतात, त्यांना मी हात लावू देत नाही.

तीनला दुसरी गाडी. लक्षण तेच, कारण वेगळं. पॉवर, अर्थ दोन्ही लख्ख, पण सेन्सरना जाणारे 5 व्होल्ट शून्यावर. एक सेन्सर आत शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि काही गाड्यांत ईसीएमही मान टाकतो. एकेक कपलर काढत गेलो. एसीच्या प्रेशर सेन्सरचा काढल्याबरोबर पाच परत आले. इंजिन बंद आणि दोष एसीत, हे गिऱ्हाइकाला पटवण्यातच जास्त वेळ गेला.

साडेपाचला गुरुजींच्या गाडीची शेवटची तपासणी. अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर, आणि सेल्फ मारायचा. 0.1 व्होल्टच्या आत हवं; 0.06 आलं. चेक लाइट पेटला, इंजिन सुरू होताच विझला. नवा ईसीएम घातला असता तर चावीशी जुळवणीचा खर्च वेगळा, आणि सडका अर्थ जागच्या जागी.

तुम्हाला कुणी ईसीएम बदलायला सांगितला, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: पॉवर आणि अर्थ, दोन्ही बल्ब लावून बघितले का? 'मीटरवर बारा दाखवतंय' असं उत्तर आलं, तर गाडी दुसरीकडे न्या.