बाळाचे चपटे डोके : हेल्मेट घालावे की वाट पाहावी?

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. ती हाडांच्या अनेक तुकड्यांची बनलेली असते आणि या तुकड्यांना शिवणी, म्हणजे लवचीक तंतूंचे सांधे, एकत्र धरून ठेवतात. या रचनेमुळे प्रसूतीच्या वेळी डोके अरुंद मार्गातून बाहेर येऊ शकते आणि पुढे झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षाअखेर ४६ सेंटिमीटरच्या आसपास जातो. मात्र बाळ कायम एकाच बाजूला मान करून उताणे झोपत राहिले, तर टेकलेल्या बाजूला कवटीच्या वाढीला अटकाव होतो, ती इतर दिशांना फुगते आणि डोक्याचा मागचा एक भाग सपाट दिसू लागतो. या अवस्थेला वैद्यकात ‘स्थितिजन्य प्लेजिओसेफली’ म्हणतात, तर संपूर्ण मागची बाजू सपाट होऊन डोके रुंद झाल्यास ‘ब्रॅकिसेफली’ म्हणतात.

या तक्रारीचे प्रमाण वाढण्यामागे सार्वजनिक आरोग्याचे एक मोठे यश आहे. पालथे झोपवलेल्या तान्ह्या बाळांमध्ये झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो हे लक्षात आल्यावर नेदरलँड्समध्ये १९८७ साली आणि अमेरिकेत १९९२ साली बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला देण्यात आला. त्यानंतर अमेरिकेत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि त्याच सुमारास चपट्या डोक्याची बाळे बालरोगतज्ज्ञांकडे अधिक संख्येने येऊ लागली. कॅनडातील कॅल्गरी येथे ७ ते १२ आठवड्यांच्या ४४० बाळांची पाहणी झाली, तेव्हा ४६.६ टक्के बाळांमध्ये कमी-अधिक सपाटपणा आढळला, जरी त्यातील बहुतेकांमध्ये तो सौम्यच होता. डोके गोल राहावे म्हणून बाळाला पालथे झोपवणे हा त्यामुळे पर्यायच होऊ शकत नाही. सपाटपणा दिसण्यापुरता असतो, श्वास थांबण्याचा धोका जिवाचा असतो.

हेल्मेटचा विचार करण्यापूर्वी निदान पक्के व्हावे लागते. डॉक्टर बाळाचे डोके वरून पाहतात आणि दोन्ही कानांची जागा ताडून बघतात: केवळ दाबामुळे सपाटपणा आला असेल तर त्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो, त्याच बाजूचे कपाळ किंचित पुढे आलेले असते आणि डोक्याचा आकार समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. याउलट एखादी शिवण अकाली बंद झाली असेल, ज्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात, तर शिवणीवर हाताला कंगोरा लागू शकतो आणि कवटीची ठेवण निराळी असते. तो आजार दुर्मीळ आहे, पण त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला आहे का, हेही याच वेळी तपासले जाते, कारण मान वळतच नसेल तर बाळाची कूस बदलून काहीच साधत नाही.

हेल्मेट डोके दाबून गोल करत नाही, ही गोष्ट पालकांना क्वचितच नीट सांगितली जाते. डोक्याचे त्रिमितीय मापन करून बाहेरून प्लास्टिकचे कवच आणि आतून फोमचे अस्तर असलेली ही टोपी बनवली जाते. ती फुगलेल्या भागाला नुसती टेकते, सपाट भागावर मोकळी जागा सोडते आणि मेंदूच्या वाढीला त्या रिकाम्या जागेकडे वळवते. म्हणजे सारे काम वाढच करत असते, आणि म्हणूनच ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान सुरुवात केल्यास परिणामाची शक्यता जास्त असते, तर वर्षानंतर ती फारच कमी उरते. टोपी दिवसातले सुमारे २३ तास घालावी लागते आणि वाढत्या डोक्यानुसार अस्तर वारंवार घासून घ्यावे लागते.

पण तीच वाढ हेल्मेट नसतानाही चालू असते. बाळ बसू लागले, रांगू लागले की डोक्यावरचा दाब आपोआप कमी होतो. न्यूझीलंडमध्ये २०० बाळांचा दोन वर्षे मागोवा घेतला असता चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के बाळांमध्ये दिसलेली विकृती दोन वर्षांच्या वयात ३ टक्क्यांच्या आसपास उरली होती. उपचाराआधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून हेल्मेटचा गुण पटवणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते, कारण टोपीविना त्याच बाळाचे डोके कसे झाले असते, हे त्यात दिसत नाही.

नेमके तेच पाहण्यासाठी नेदरलँड्समध्ये एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणत्या बाळाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी चाचणी, घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र विकृती असलेल्या, पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांपैकी निम्म्यांना सहा महिने हेल्मेट देण्यात आले आणि उरलेल्यांना काहीही देण्यात आले नाही. दोन वर्षांच्या वयात हेल्मेट घातलेल्यांपैकी २५.६ टक्के आणि न घातलेल्यांपैकी २२.५ टक्के बाळांचे डोके पूर्णपणे सुधारले होते, म्हणजे फरक जवळपास नव्हताच. हेल्मेट वापरणाऱ्या ९६ टक्के पालकांनी मात्र कातडी लाल होण्याची आणि ७७ टक्क्यांनी बाळाला नीट कुशीत घेता न येण्याची तक्रार नोंदवली. बाळाला उराशी धरताना मध्ये प्लास्टिक येणे हा किरकोळ दुष्परिणाम मानता येणार नाही. घामाचा त्रासही नेदरलँड्ससारख्या थंड देशात झाला. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत तो किती वाढेल, याचा अंदाज कोणत्याही पालकाला करता येईल.

या चाचणीवर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार आहेत: अत्यंत तीव्र विकृतीची आणि मान आखडलेली बाळे तिच्यात घेतलीच नव्हती, पात्र पालकांपैकी बहुतेकांनी चिठ्ठीवर निर्णय सोपवायला नकार दिला, आणि अनेक बाळांच्या डोक्यावर टोपी नीट बसत नव्हती. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच कूस बदलणे व फिजिओथेरपी करूनही मध्यम ते तीव्र सपाटपणा टिकला तर हेल्मेटची शिफारस आहे, तर ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सामान्यतः ते सुचवत नाही. दोन्ही देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना परस्परविरोधी सल्ले मिळतात ते यामुळेच.

आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची आणि मालिश करताना डोके दाबून आकार देण्याची चाल आहे. हळुवार मालिशीला हरकत नाही, पण दाबून हाड वळत नाही, आणि झोपेत कोणतीही उशी बाळाच्या श्वासाला धोका ठरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध २०२२ साली इशारा दिला आहे. खरा उपयोग होतो तो लवकर केलेल्या साध्या गोष्टींचा: झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून ठेवणे, पाळण्यात उशापायथा बदलणे, दूध पाजताना बाजू बदलणे आणि बाळ जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना, त्याला दिवसातून अनेकदा पालथे ठेवणे.

मेंदूच्या वाढीची धास्ती हे हेल्मेट घेण्यामागचे मोठे कारण असते. सपाट डोक्याच्या काही बाळांमध्ये हालचालींचा विकास किंचित मागे असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. पण मुळात कमी हालचाल करणारे बाळच एका कुशीवर अधिक पडून राहते, त्यामुळे सपाटपणा हे कारण नसून खूण असणे संभवते, आणि हेल्मेटने हा विकास सुधारतो असे सिद्ध झालेले नाही. अशा बाळाच्या विकासाची तपासणी जरूर करावी, पण टोपीचा निर्णय दिसण्याच्या प्रश्नापुरता ठेवावा. सपाटपणा सौम्य किंवा मध्यम असेल, तर वाट पाहणाऱ्या पालकांना अपराधी वाटण्याचे कारण नाही. तो तीव्र असेल, तर पाचव्या महिन्याच्या सुमारास डोक्याच्या दोन्ही कर्णांची मापे घ्यावीत, तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा घ्यावीत आणि त्यांतला फरक कमी होत नसेल, तरच हेल्मेटचा खर्च आणि त्रास पत्करायचा का, हे ठरवावे.