जीपचा इंटरकूलर घरी बदलताना

जर्सी सिटीतून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, आणि इथे रस्त्यावर अजून एखादी जुनी जीप लिबर्टीही दिसते. २००५ आणि २००६ साली ही गाडी अमेरिकेत डिझेलवरही मिळायची. इंजिन २.८ लिटरचं, इटालियन कंपनीचं. तिचं एक दुखणं ठरलेलं: इंटरकूलर तेलाने भरतो.

टर्बोने दाबलेली हवा तापते. इंटरकूलर ती थंड करतो, म्हणजे इंजिनाला प्राणवायू जास्त मिळतो. पण क्रँककेसची तेलकट वाफ त्याच वाटेने जाते व आत साचते. मग गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते.

घरी बदलायचा तर इंजिन पूर्ण निवू द्यावे, बॅटरीची तार काढावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, स्टँड लावावेत. नळ्या काढताना खाली ट्रे ठेवावा, मग त्या आतून पुसून कोरड्या कराव्यात. साचलेलं तेल एकदम आत ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच भरधाव सुटतं. किल्ली काढली तरी थांबत नाही.

ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही, हे आम्हा नर्सेसना पक्कं ठाऊक. तेल व्हेंटमधून येतं की टर्बोच्या सीलमधून, ते आधी शोधा. नाहीतर नवा इंटरकूलरही भरेल.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. जोराच्या पावसात इथल्या जुन्या गटारांचं पाणी नदीत जातं. आपण शनिवार तेल्यांची लेकरं, तेल जपून हाताळावं. आणि काम रविवारी सकाळी काढा. शुक्रवारी दुपारी काढलंत तर शब्बाथपर्यंत उरकणार नाही.