पालथं खापर

पर्यटन विशेषांकासाठी सिंगापूरच्या खाऊगल्ल्यांवरचा लेख आधीच येऊन पडला होता, रंगीत छायाचित्रांसकट. एका छायाचित्रात पराठावाला कणकेचा गोळा ओट्यावर आपटून, हवेत फिरवून रुमालाएवढा पातळ करताना दिसत होता. संपादकांनी विचारलं, ‘‘आपल्याकडे असं कोणी आहे?’’ मी म्हटलं, आहे, खानदेशात आहे. पण ते काम बाई करते, कणकेच्या पोटात पुरण घालून करते आणि तिचं छायाचित्र कोणी छापत नाही. ‘‘मग जा,’’ ते म्हणाले.

गेलो पाचोऱ्याला. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. या मार्गाने अजिंठ्याला जाणारे बहुतेक जण इथे न उतरता पुढे जळगावला उतरतात, गाडी करतात, नेरी-पहूर मागे टाकून फर्दापूरला पोचतात, लेणी पाहतात आणि अंधार पडायच्या आत परततात. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली लेणी पाहून आलेल्या माणसाला वाटेत काय खाल्लं असं विचारलं, तर चहा-बिस्किट हे उत्तर हमखास मिळतं. सिंगापूरला मात्र हीच मंडळी कुठल्या गल्लीत काय खायचं याची यादी घेऊन जातात.

पाचोऱ्याहून एक वेगळी वाट होती, पीजेची. पाचोरा–जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी पहिलं महायुद्ध संपता संपता सुरू झाली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती ५६ किलोमीटर रमतगमत जायची. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं मंदिर आहे. कार्तिकातल्या रथोत्सवाला पंचक्रोशी लोटते आणि गावाला प्रति-पंढरपूर म्हणतात. पहूरला उतरलं की अजिंठ्याचे डोंगर दिसू लागायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे रुंद रूळ टाकून मार्ग बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे. पीजेवर स्वतंत्र लेख होईल आणि तो कोणीतरी लिहायलाच हवा. मी मात्र चुलीपाशी अडकलो.

त्याआधी रस्त्यावरच्या खाण्याविषयी थोडं. इथल्या शेवभाजीचा रस्सा डोळ्यांत पाणी आणतो, आणि शेव पानात पडल्यावर घालायची की आधी, यावर दोन हॉटेलवाल्यांत वाद होऊ शकतो. हिवाळ्यात भरीत. पांढरट हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासोबत ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. याच वांग्याला ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. म्हणजे शेतात पिकतं त्याला नाव मिळालं. चुलीवर जे होतं त्याचं काय, ते पाहायला मी आलो होतो.

ज्यांच्या अंगणात बसलो त्या मावशींना लग्नसराईत आणि आखाजीच्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पितरांसाठी घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात, सालदारांचं साल याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. त्या दिवशी पानात आमरस, कुरडई, पापड आणि खापराची पुरणपोळी. तिलाच मांडा म्हणतात. मावशी घरोघरी मांडे करायला जातात. बोलावणारा शिधा आणि सरपण देतो, त्या हात देतात.

तयारी आदल्या रात्रीपासून. गव्हाला पाणी लावून ठेवायचं, सकाळी दळायचे, मग पीठ लुगड्याच्या जुन्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायचं. कोंड्याचा एक कण राहिला तरी तो पोळी ताणताना नेमका भोक पाडतो. कणीक चपातीच्या कणकेपेक्षा बरीच सैल मळतात, मग आपटून-आपटून, तेलपाण्याचा हात लावून झाकून ठेवतात. या मुरण्यातच सगळं आहे. ताजी मळलेली कणीक ओढली की मागे येते. मुरलेली कणीक ओढाल तिथे थांबते. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, गुळाचं, वेलदोडा-जायफळ घातलेलं, गंधासारखं वाटलेलं. सिंगापूरच्या पराठेवाल्याचं कसब मला छायाचित्रातही थक्क करतं, पण त्याचा गोळा रिकामा असतो, तेलात न्हालेला असतो आणि खाली सपाट तवा असतो. इथे दोन छोट्या पुऱ्यांच्या मध्ये पिठाहून जास्त पुरण भरायचं, कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि मग ते ओलं, जड ओझं हातांवर घेऊन पातळ करायचं.

मावशींनी काचेच्या बांगड्या काढून वाटीत ठेवल्या. मनगटापर्यंत आलेल्या मांड्याला काच फाडते. लाटलेली पुरी त्यांनी उजव्या पंजावर घेतली, डाव्यावर टाकली, परत उजव्यावर. प्रत्येक फेरीत ती थोडी मोठी होत गेली. पंजे संपले तेव्हा ती मनगटावर आली, मग कोपरापर्यंतच्या हातांवर. बोटं कुठेच रुतत नव्हती; बोटांची मागची बाजू आणि हाताचा मऊ भाग एवढंच कामाला येत होतं. स्वतःच्या वजनाने पोळी खाली ओघळायची आणि त्या ओघळण्याच्या बेतानेच हात फिरायचे. उजेडासमोर आली तेव्हा आतलं पुरण पिवळं दिसलं, कडेपर्यंत सारखं. मी तोपर्यंत त्यांच्याशी बोलत होतो. मग बोलणं थांबवलं, कारण त्यांनी उत्तर देणं थांबवलं होतं.

आता खापर. हे खरं यंत्र. कुंभाराने घडवलेलं रुंद, गोल बुडाचं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. जाळ त्याच्या पोटात आणि भाजायची जागा त्याच्या पाठीवर. पालथं का, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. एवढा मोठा मांडा मावेल असा सपाट तवा घरात नसतो, असला तरी चुलीचा जाळ त्याच्या मध्यालाच लागेल आणि कडा कच्च्या राहतील. पालथ्या भांड्याच्या पोटात जाळ चहूकडे फिरतो. घुमटावर जागाही जास्त मिळते आणि पोळी पडताना स्वतःच कडेने खाली ताणली जाते. सगळ्यात पातळ भाग कडेचा असतो, तो उतारावर येतो, जिथे आच थोडी कमी. माती उशिरा तापते आणि उशिरा निवते. पळकाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, जाळ क्षणात भडकतो नि क्षणात बसतो, पण खापराला त्याचं काही नसतं. ते ती आच सावकाश घेतं आणि सावकाश देतं. लोखंडाला एवढा धीर नाही. जिथे ज्वाळा लागेल तिथे ते पुरण जाळून मोकळं होतं.

तापलं कधी म्हणायचं, असं विचारलं. मावशींनी पाण्याचे शिंतोडे मारले, पण ते माझ्यासाठी असावेत. स्वतः त्यांनी तळहात पाठीवरून थोड्या अंतराने फिरवला.

‘‘हातले समजस. डोयाले नही.’’

हातांवरून मांडा खापरावर उतरवणं हा सगळ्यात अवघड क्षण. एकदा टेकला की सरकवता येत नाही. त्यांनी दोन्ही हात खापराच्या वर नेले, एक कड टेकवली आणि हात काढून घेतले. सुरकुती पडली नाही. तेलाचा थेंब नाही, तुपाचा नाही. पोळीवर बुडबुडे आले, तांबूस डाग उमटले, कडेला धरून उलटली गेली, आणि करकरीत व्हायच्या आत चौघडी होऊन टोपलीत पडली. उशीर झाला तर घडी मोडते.

या खापराची मराठी माणसाची ओळख जुनी आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबाने गावातल्या कुंभारांना खापर देऊ नका म्हणून बजावलं, आणि ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली, तिच्यावर मुक्ताईने मांडे भाजले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच मुक्ताईचं अंतर्धान-स्थळ म्हणून वारकरी याच जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी येतात. एदलाबादचं नाव तिच्यावरूनच मुक्ताईनगर झालं. गोष्टीतला चमत्कार सोडून दिला तरी एक व्यवहार उरतो: कुंभाराने खापर नाही म्हटलं की मांडा होत नाही.

आणि आज नेमकं तिथेच अडलं आहे, विसोबाशिवाय.

तालुक्यातल्या एका कुंभाराकडे मावशींचा पुतण्या मला घेऊन गेला. त्यांच्या अंगणात घागरी होत्या, रांजण होते, पणत्यांचे ढीग होते, संक्रांतीची सुगडं बनवायचे साचे होते. खापर एकही नव्हतं. ते म्हणाले, मागणी आली तर करतो. घागर चाकावर भरभर उठते. खापराचं बूड जाड ठेवून, आतून गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत वाढवावं लागतं. जाडी सगळीकडे एक नसेल तर पहिल्या जाळाला तडा जातो. मातीत राख आणि लीद मिसळायची. लीद द्यायला आता गावात घोडी कुठे? तळ्याचा चांगला गाळ वीटभट्ट्या उचलतात. शिवाय एका भट्टीत खापरं किती मावणार? तेवढ्या जागेत घागरी कितीतरी बसतात, आणि घागर दरसाल नवी लागते. चांगलं खापर जपून वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं. ज्या कारागिराने माल जितका चांगला केला तितकं त्याचं गिऱ्हाईक कमी झालं, असा हा हिशेब.

मग लोक काय करतात? लोखंडी कढई पालथी घालतात. अॅल्युमिनियमचं ‘खापर’ बाजारात मिळतं, ते गॅसच्या शेगडीवर बसतं. जळगावच्या बहिणाबाई महोत्सवात आणि बचतगटांच्या मेळ्यांत खापराच्या पोळीच्या टपरीपुढे रांग असते, आणि बऱ्याच ठिकाणी शेगडी गॅसचीच. मी तक्रार करणार नाही. रोज धुरात बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांपेक्षा मातीचा वास महत्त्वाचा नाही, आणि शहरातून येऊन ‘चुलीवरचं’ म्हणून जीभ चाटणाऱ्यांना ती चूल फुंकावी लागत नाही. पण गॅसच्या जाळाने खापराचं पोट भरत नाही, तो एका वर्तुळात जळतो. म्हणून पोळी लहान होते, थोडी जाड होते, आणि हातावरचं काम लाटण्यावर येतं. लाटण्यावर आलं की ते कोणालाही येतं. इतकी साधी वाट आहे एखादं कसब संपायची.

रस्त्यावरच्या खाण्याचं काय करायचं, या प्रश्नाला सिंगापूरने सरकारी उत्तर दिलं. रस्त्यावरचे फेरीवाले १९६०च्या दशकाअखेरीस नोंदवले, पुढे १९८०च्या दशकापर्यंत त्यांना नळ, निचरा आणि छप्पर असलेल्या केंद्रांत हलवलं. अशी शंभराहून जास्त केंद्रं तिथे आहेत. २०१६ मध्ये दोन टपऱ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला, २०२० मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशात घेतलं. एवढं होऊनही तिथली तक्रार एकच आहे: विक्रेते म्हातारे झाले, पोरं गाळ्यावर बसायला तयार नाहीत. तेव्हा नळ-छप्पर देऊन सगळं मिटतं असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या पराठेवाल्याला निदान परवाना आहे, गाळ्याला क्रमांक आहे, कोणी विचारलं तर पत्ता आहे. मावशींचा पत्ता तोंडी आहे. त्यांना मिळतं ते मांड्यागणिक, बोलीने, आणि घर श्रीमंत असलं की घासाघीस जास्त.

मनगटं आता रात्री दुखतात. दोन मुली, थोरली नाशिकला, धाकटी शिकवणी घेते. धाकटीला मांडा येतो का? ‘‘मनगटापर्यंत येतो,’’ मावशी म्हणाल्या. कोपरापर्यंत यायला आणखी किती आखाज्या लागतील, हे त्यांनाही सांगता येईना. मुलगी मे महिन्यात परीक्षेचे पेपर तपासत असते. मावशींकडे दोन खापरं आहेत. एकाला कडेने तडा गेलाय. त्यात मिठाचं पाणी आणि राख भरून त्या अजून काम चालवतात, पण लग्नाच्या ऑर्डरीला ते नेत नाहीत, भर मांडवात फुटलं तर कुठे तोंड दाखवायचं!

रुंद रुळांची गाडी पहूरपर्यंत जाऊ लागली की अजिंठ्याचे प्रवासी पुन्हा पाचोऱ्यात गाडी बदलतील, अशी गावात आशा आहे. रेल्वेच्या ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेत खापराची पोळी ठेवावी, असं एका दुकानदाराने मला फार उत्साहाने सांगितलं. फलाटावर चूल कोण पेटवू देणार, हे मी विचारलं नाही. घरी भाजून, घडी घालून, डब्यात आणून विकता येईल. ती दोन दिवस टिकतेही.

निघताना पुतण्याने कुंभाराला फोन लावून मावशींसाठी दोन नवी खापरं सांगितली. पलीकडून लगेच उत्तर आलं: पाडव्याच्या आत आगाऊ पैसे द्या, नंतर भट्टीत आखाजीच्या घागरी लागतात.