दहा अंशांची थंडी

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगरांना 'फेल' म्हणतात. हेल्व्हेलिन त्यांपैकीच एक, उंची ९५० मीटर. पायथ्याशी १० अंश सेल्सिअस तापमान असताना एखादा नवखा सुती कपड्यांत एकटाच निघाला, तर त्याला थंडीची धास्ती वाटणार नाही. पण ८०० मीटर चढल्यावर हवा सुमारे ५ अंशांनी गार होते. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला शून्याखालचा गारठा जाणवतो.

खरा घात पाऊस करतो. समजा, कपड्यांनी अर्धा लिटर पाणी शोषले. त्याचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता लागते. ती सगळी शरीराने तीन तासांत पुरवायची म्हटली, तर ११० वॅटचा दर पडतो. स्वस्थ बसलेला माणूस जवळपास तेवढीच उष्णता निर्माण करतो! चढताना ती कितीतरी पट असते, म्हणून निभावते. धुक्यात वाट चुकून, थकून तो बसला की हिशेब उलटतो.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली उतरले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी भरते, बोटे वळेनाशी होतात, जीभ अडखळते, निर्णयशक्ती मंदावते. आपण गारठलो हे ज्या मेंदूने ओळखायचे, तोच गारठलेला असतो. सोबत कोणी असते, तर त्याच्या ते आधी लक्षात आले असते.

वर्गात दोन तापमापी पंख्यासमोर ठेवा. त्यांपैकी एका तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दर मिनिटाला नोंद घ्या. कोरड्या तापमापीचा पारा पंख्याच्या वाऱ्याने का उतरत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांनाच विचारा.