बीटल्सचा ‘१’ : नव्या श्रोत्यांनी घ्यावा का?

बोनकोडे गावात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी वाजू लागली की एका गाण्याचा मुखडा संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो. जमलेल्यांना ठाऊक असलेली, हमखास दाद मिळवणारी तेवढीच गाणी निवडली जातात. अनेक बँडचे निवडक गीतसंग्रहही याच न्यायाने तयार होतात. कोपरखैरणे-बोनकोडे परिसरातील एखाद्या तरुणाला ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडची ओळख करून घ्यावीशी वाटली, तर बहुधा त्याच्या हाती प्रथम ‘१’ हा संग्रह येतो. हा संग्रह विकत घेण्याजोगा आहे का, आणि तो घेतल्यावर बीटल्स कळले असे म्हणता येईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

निवड कशी झाली?

‘१’ हा संग्रह नोव्हेंबर २००० मध्ये, म्हणजे बँड फुटल्यानंतर ३० वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यात २७ गाणी असून त्यांची एकूण लांबी सुमारे ७९ मिनिटे आहे. एका सीडीत याहून फारसे काही मावत नाही. १९६२ ते १९७० या काळात ब्रिटन किंवा अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गाणी, ही निवडीची कसोटी होती. संग्रहाचे नावही त्यावरूनच आले.

ही कसोटी सोपी आहे, पण ती गुणवत्तेची नाही. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे अनेक समीक्षकांच्या मते बँडच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक. ते ‘पेनी लेन’ या गाण्याबरोबर एकाच तबकडीवर आले होते. अमेरिकेत ‘पेनी लेन’ पहिल्या क्रमांकावर गेले म्हणून ते संग्रहात आहे. जोडीचे गाणे मात्र वगळले गेले. ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणे ब्रिटनमधील काही याद्यांत पहिले, तर एका यादीत दुसरे होते. ती एक यादी प्रमाण मानल्यामुळे तेही बाहेर राहिले.

जमेची बाजू

तरीही नव्या श्रोत्याच्या दृष्टीने या संग्रहाचा मोठा उपयोग आहे. एकेकटी तबकडी म्हणून काढलेले गाणे मोठ्या ध्वनिमुद्रिकेत पुन्हा घ्यायचे नाही, अशी बीटल्सची ब्रिटनमधील बरीचशी रीत होती. त्यामुळे ‘शी लव्ह्ज यू’ किंवा ‘हे ज्यूड’ ही गाणी त्यांच्या मूळ ब्रिटिश अल्बममध्ये सापडतच नाहीत. सगळे अल्बम विकत घेऊनही ही गाणी हाती लागणार नाहीत. ‘१’ मध्ये ती एकत्र मिळतात. शिवाय गाणी कालक्रमाने लावलेली असल्याने, साध्या प्रेमगीतांपासून ‘लेट इट बी’पर्यंतचा ८ वर्षांचा प्रवास एका बैठकीत ऐकता येतो.

काय निसटते?

उणीवही तितकीच मोठी आहे. ‘सार्जंट पेपर’ (१९६७) या गाजलेल्या अल्बममधील एकही गाणे येथे नाही, कारण त्यातील गाणी तेव्हा वेगळ्या तबकडीवर निघाली नव्हती. १९६८ चा ‘व्हाइट अल्बम’ही पूर्णपणे गैरहजर आहे. जॉर्ज हॅरिसन यांचे ‘समथिंग’ हे एकच गाणे २७ मध्ये आहे.

आणि त्याबरोबर बीटल्सचा भारताशी असलेला धागाही तुटतो. हॅरिसन यांनी १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवली, पुढे ते पंडित रविशंकर यांच्याकडे शिकले. जानेवारी १९६८ मध्ये ते मुंबईत आले आणि फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी ध्वनिमुद्रण केले. त्याच वेळी ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वादन येथे नोंदवले गेले. त्यात आशिष खान यांचा सरोद आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. गायन नंतर लंडनमध्ये झाले. मार्च १९६८ मध्ये हे गाणे ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. ‘लेडी मॅडोना’ ‘१’ मध्ये आहे. मुंबईत घडलेली मागची बाजू नाही. कोपरखैरण्याहून वाशीला गाडी बदलून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की फोर्ट चालत गाठता येतो. इतक्या जवळ घडलेल्या गाण्याचा पत्ता या संग्रहातून श्रोत्याला लागत नाही.

मग पैसे कशावर खर्चावेत?

काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. दुकानात उभे राहून गाणी ऐकावीत आणि मग खरेदी करावी, ही सोय त्याआधीच आटू लागली होती. मात्र २०१५ च्या अखेरीस बीटल्सची गाणी इंटरनेटवरील गीतसेवांवर आली, तेव्हा आधी ऐकून मग ठरवणे आता सोपे आहे.

ज्याला बीटल्सची केवळ तोंडओळख हवी, भेट द्यायची आहे किंवा घरात अधूनमधून गाणी लावायची आहेत, त्याने ‘१’ निःशंक घ्यावा. ज्याला पुढे जायचे आहे, त्याने १९७३ मध्ये निघालेल्या ‘लाल’ आणि ‘निळ्या’ संग्रहांचा विचार करावा. २०२३ च्या नव्या आवृत्तीत त्या दोहोंत मिळून ७५ गाणी आहेत. ‘नॉर्वेजियन वुड’ लाल संग्रहात आहे, तर भारतीय वाद्यांवर उभे असलेले ‘विदिन यू विदाउट यू’ नव्या निळ्या संग्रहात आले आहे. ‘द इनर लाइट’ मात्र त्यांतही नाही. त्यासाठी अल्बमबाहेरची गाणी एकत्र करणारा ‘पास्ट मास्टर्स’ (१९८८) गाठावा लागतो.

ज्याला एकच खरेदी परवडते आणि गाणी मन लावून ऐकायची आहेत, त्याने ‘१’ मोबाइलवर ऐकावा आणि पैसे ‘रिव्हॉल्व्हर’ किंवा ‘ॲबी रोड’सारख्या एखाद्या मूळ अल्बमवर खर्चावेत. हळदीतल्या बेंजो पार्टीने मुखडा ऐकवून ओढ लावायची असते. अंतरे ऐकायचे तर मूळ गाण्याकडेच जावे लागते.